लेप्टॉन सार्वत्रिकता आणि बी-मेसॉनचे क्षय : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बी-मेसॉन हा बॉटम क्वार्क असलेला अल्पायुषी कण फुटतो, म्हणजे क्षय पावतो, तेव्हा त्यातून टाऊ लेप्टॉन (इलेक्ट्रॉनचं जड भावंड) अपेक्षेपेक्षा जास्त निघतात का, हा प्रश्न २०१२ पासून कणभौतिकीत अनिर्णित आहे. त्याची बातमी येते तेव्हा कधी ‘नवं बल सापडलं’ असा गाजावाजा होतो, तर कधी ‘सगळं फोल ठरलं’ म्हणून विषयच मिटवला जातो. आज या दोन्हींपैकी काहीही म्हणण्याजोगी स्थिती नाही. विद्यार्थी आणि जिज्ञासू वाचक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात त्यांची उत्तरं इथे दिली आहेत.

लेप्टॉन सार्वत्रिकता म्हणजे काय?

इलेक्ट्रॉन, म्यूऑन आणि टाऊ हे तीन विद्युतभारित लेप्टॉन. तिघांचा भार सारखा, स्पिन सारखा. वस्तुमानात मात्र प्रचंड तफावत: इलेक्ट्रॉन ०.५११ एमईव्ही (कणांचं वस्तुमान आणि ऊर्जा मोजण्याचं एकक; हजार एमईव्ही म्हणजे एक जीईव्ही), म्यूऑन १०५.७ एमईव्ही आणि टाऊ सुमारे १७७७ एमईव्ही. म्हणजे म्यूऑन इलेक्ट्रॉनच्या २०७ पट जड, तर टाऊ जवळजवळ साडेतीन हजार पट.

स्टँडर्ड मॉडेल, म्हणजे मूलभूत कण आणि बलांचा आजचा मान्य सिद्धांत, सांगतं की दुर्बल बल वाहून नेणारे डब्ल्यू आणि झेड बोसॉन या तिघांशी अगदी एकाच ताकदीने जोडलेले आहेत. वस्तुमानामुळे पडणारा फरक वजा केला की तिघं एकसारखे वागले पाहिजेत. हीच लेप्टॉन सार्वत्रिकता. निसर्गात लेप्टॉनच्या तीन पिढ्या का आहेत आणि त्यांची वस्तुमानं इतकी वेगळी का, याचं उत्तर मात्र हे मॉडेल देत नाही. त्यामुळे तिसऱ्या, सर्वांत जड पिढीशी काही वेगळं नातं असलेलं बल कुठे दडलेलं असेल, ही शंका रास्त आहे.

ताकद सारखी आहे, मग तिन्ही लेप्टॉन सारख्याच संख्येने निघायला हवेत ना?

नाही, आणि इथेच बहुतेकांचा गोंधळ होतो. भारित पायॉन या हलक्या मेसॉनचं उदाहरण घ्या. तो जवळजवळ नेहमी म्यूऑनमध्ये क्षय पावतो. इलेक्ट्रॉनमध्ये होणारे क्षय दहा हजारांत जेमतेम सव्वा. तरीही सार्वत्रिकता अबाधित आहे, कारण लेप्टॉन जितका हलका तितकी कोनीय संवेगाच्या नियमांमुळे त्या क्षयावर जास्त बंदी येते. हे गुणोत्तर काटेकोर मोजलेलं आहे आणि सिद्धांताशी जुळतं.

बी-मेसॉनच्या बाबतीत उलट घडतं. त्याचं वस्तुमान ५.२८ जीईव्ही. त्यातून २.०१ जीईव्हीचा डी-स्टार (चार्म क्वार्क असलेला मेसॉन) बाहेर पडला की सव्वातीन जीईव्ही उरतात. म्यूऑनला त्यात भरपूर मोकळीक मिळते. टाऊला स्वतःच्या वस्तुमानासाठीच पावणेदोन जीईव्ही खर्ची घालावे लागतात, म्हणून टाऊवाले क्षय म्यूऑनवाल्यांच्या सुमारे एक चतुर्थांश असायला हवेत. मोजलेलं प्रमाण या चतुर्थांशाशी जुळतं का, एवढाच प्रश्न आहे.

सेमिलेप्टॉनिक क्षय कशाला म्हणतात? आणि बी-मेसॉनच का निवडले?

ज्या क्षयात एक हॅड्रॉन (क्वार्कचा बनलेला कण) आणि लेप्टॉनची जोडी दोन्ही निघतात तो सेमिलेप्टॉनिक. बी-मेसॉनमधला बॉटम क्वार्क आभासी डब्ल्यू बोसॉन सोडून चार्म क्वार्क होतो, आणि तो डब्ल्यू लेप्टॉन व न्यूट्रिनो यांच्यात रूपांतरित होतो. चार्म क्वार्क मग डी किंवा डी-स्टार मेसॉनच्या रूपात बाहेर येतो.

निवडीचं कारण सरळ आहे. हॅड्रॉन, टाऊ आणि न्यूट्रिनो तिन्ही एकत्र निघतील इतकं वस्तुमान असलेले टिकाऊ कण फार थोडे. चार्म मेसॉनला ते परवडतच नाही. टॉप क्वार्क जड आहे, पण मेसॉन बनवण्याआधीच त्याचा क्षय होतो. शिवाय बी-मेसॉन सुमारे दीड पिकोसेकंद जगतो. कणांच्या जगात हा दीर्घ काळ आहे, कारण तेवढ्यात तो जन्मस्थानापासून मोजता येईल इतका दूर जातो.

थेट संख्या न मोजता गुणोत्तर का मोजतात?

टाऊवाल्या क्षयांचा दर भागिले म्यूऑन किंवा इलेक्ट्रॉनवाल्या क्षयांचा दर, हे ते गुणोत्तर. डी मेसॉनसाठी त्याला आर-डी म्हणतात, डी-स्टारसाठी आर-डी-स्टार. बॉटमचं चार्ममध्ये रूपांतर किती जोराने होतं हे ठरवणारा स्थिरांक वर-खाली सारखाच असल्याने कटतो. त्या स्थिरांकाच्या मापनांचाच आपसात वाद आहे, म्हणून तो कटणं फार सोयीचं. उपकरणांच्याही अनेक त्रुटी बऱ्याच अंशी कटतात.

पण सगळंच कटत नाही, हे ठळकपणे सांगायला हवं. क्वार्क मेसॉनच्या आत कसे बांधलेले असतात याचं वर्णन ‘फॉर्म फॅक्टर’ करतात. टाऊच्या क्षयात त्यांपैकी असा एक भाग लागतो जो म्यूऑनच्या क्षयातून जवळजवळ मोजताच येत नाही. तो लॅटिस क्यूसीडीच्या, म्हणजे क्वार्कमधलं बल अवकाश-काळाच्या जाळीवर मांडून केलेल्या, महासंगणकी गणितातून घ्यावा लागतो. बरीच वर्षं आर-डी-स्टारचं भाकीत ०.२५ च्या जवळ मानलं गेलं. नंतर तीन गटांनी, फर्मिलॅब-मिल्क, एचपीक्यूसीडी आणि जेएलक्यूसीडी यांनी, पूर्ण लॅटिस गणितं केली. त्यांवरून येणारी मूल्यं साधारण ०.२५ ते ०.२७ अशी पसरलेली आहेत. हा पसारा किरकोळ वाटेल, पण प्रयोगाशी असलेली तफावतच तीन-चार शतांशांची आहे! माझ्या मते या विषयातलं सर्वांत दुर्लक्षित प्रकरण हेच.

२०१२ मध्ये असं काय घडलं?

अमेरिकेतल्या स्टॅनफर्डजवळच्या स्लॅक प्रयोगशाळेत १९९९ ते २००८ या काळात बाबार हा प्रयोग चालला. यंत्र बंद पडल्यावरही डेटाचं विश्लेषण सुरू राहिलं, आणि २०१२ मध्ये सुमारे ४७ कोटी बी-मेसॉन जोड्यांवरून आर-डी ०.४४० आणि आर-डी-स्टार ०.३३२ अशी मूल्यं जाहीर झाली. त्या वेळचं भाकीत होतं अनुक्रमे ०.२९७ आणि ०.२५२. दोन्ही मिळून तफावत ३.४ सिग्मा (तफावत त्रुटीच्या किती पट आहे याचं माप; नेमका अर्थ पुढे येईल).

त्याच शोधनिबंधात आणखी एक गोष्ट होती. भारित हिग्जची कल्पना असलेलं एक लोकप्रिय मॉडेल ही तफावत समजावून देईल अशी अनेकांना आशा होती. पण त्या मॉडेलमध्ये दोन्ही आकडे एकाच वेळी बसेनात, आणि बाबारने ते जवळजवळ निकालात काढलं. २०१५ मध्ये जपानच्या बेल प्रयोगाने आणि जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेतल्या एलएचसीबी प्रयोगाने आपापली मोजमापं दिली. तीही भाकिताच्या वरच होती. मग मात्र सगळ्यांचे कान टवकारले.

न्यूट्रिनो दिसत नाही. मग टाऊ निघाला हे कळतं कसं?

टाऊ स्वतःही दिसत नाही. त्याचं आयुष्य ०.२९ पिकोसेकंद. तो म्यूऑनमध्ये क्षय पावला तर त्या क्षयात दोन न्यूट्रिनो निघतात आणि मूळ बी-क्षयातला एक. एकूण तीन न्यूट्रिनो बेपत्ता. आणि हातात उरतो तो म्यूऑनच, जसा साध्या क्षयातही मिळतो.

बाबार, बेल आणि आताचा बेल-टू यांच्याकडे यावर एक सुंदर तोडगा आहे. इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन १०.५८ जीईव्ही ऊर्जेला आदळवले की एक विशिष्ट अनुनाद (क्षणभर टिकणारा जड कण) तयार होतो, आणि त्यातून दोन बी-मेसॉन निघतात. दोनच, बाकी काही नाही. सुरुवातीची एकूण ऊर्जा आणि संवेग यंत्राने ठरवलेले असतात. पहिल्या बी-मेसॉनचे सगळे तुकडे जुळवून तो पूर्ण उभा केला की दुसऱ्याच्या वाट्याला काय आलं ते आपोआप कळतं. किराणा दुकानाच्या बिलाची एकूण रक्कम माहीत असली आणि एक सोडून सगळ्या वस्तूंचे भाव कळले, तर उरलेल्या वस्तूचा भाव न विचारता काढता येतो, तसंच.

मग ‘हरवलेलं वस्तुमान’ काढतात. एकच न्यूट्रिनो हरवला असेल तर त्याचा वर्ग शून्यापाशी टोकदार शिखर देतो. तीन हरवले असतील तर तो शून्याच्या वर लांबवर पसरतो. हा पसरट भाग म्हणजे टाऊची खूण. अडचण एवढीच की पहिला बी-मेसॉन पूर्णपणे जुळवता येणं शंभरांत एकदाही साधत नाही. म्हणूनच कोट्यवधी जोड्या लागतात.

एलएचसीबीत तर प्रोटॉन आदळतात. तिथे सुरुवातीची ऊर्जा कुठे माहीत असते?

नसते. म्हणूनच अनेकांना वाटत होतं की तिथे हे मोजमाप होणारच नाही. २०१५ चा निकाल त्यामुळे मला आजही विलक्षण वाटतो.

तिथे उपयोगी पडते ती लांबी. बी-मेसॉन प्रकाशाच्या जवळपास वेगाने जन्मतो आणि क्षय पावण्यापूर्वी साधारण एक सेंटिमीटर जातो. प्रोटॉनच्या झोतापासून काही मिलिमीटर अंतरावर ठेवलेले सिलिकॉनचे संवेदक त्याचा जन्मबिंदू आणि क्षयबिंदू टिपतात. या दोन बिंदूंना जोडणारी रेघ म्हणजे बी-मेसॉनची दिशा. संवेगाचा आकडा अजूनही हवा असतो. त्यासाठी एक गृहीतक वापरतात: दिसलेल्या कणांचा समूह झोताच्या दिशेने ज्या वेगाने जातोय, साधारण त्याच वेगाने मूळ बी-मेसॉनही जात असणार. अंदाज ढोबळ आहे, पण टाऊचा पसरट आकार ओळखायला पुरेसा आहे.

डी-स्टार ओळखण्याची पद्धतही पाहण्यासारखी. तो डी-शून्य (भाररहित डी मेसॉन) आणि एका पायॉनमध्ये फुटतो. त्या दोघांच्या वस्तुमानाची बेरीज डी-स्टारच्या इतकी जवळ जाते की हालचालीसाठी सहा एमईव्हीपेक्षाही कमी ऊर्जा उरते. त्यामुळे पायॉन अतिशय मंद असतो आणि वस्तुमानांचा फरक बरोबर १४५.४ एमईव्हीवर बारीक सुळक्यासारखा उभा राहतो.

दुसरी पद्धत आणखी धाडसी आहे. टाऊ तीन भारित पायॉनमध्ये फुटलेला घ्यायचा. त्या तिघांच्या रेघा मागे नेल्या की त्या बी-मेसॉनच्या क्षयबिंदूपासून थोड्या पुढे एकत्र येतात. हे अंतर टाऊच्या अल्पायुष्याचंच मोजमाप. ते पुरेसं असेल तर बी-मेसॉनमधून थेट निघालेल्या तीन पायॉनची प्रचंड गर्दी गाळून पडते. तरी डी-एस मेसॉन (चार्म आणि स्ट्रेंज क्वार्कचा) उरतो, कारण तोही थोडा पुढे जाऊन फुटतो आणि तीन पायॉन देतो.

चूक कुठे होऊ शकते?

सर्वांत मोठा संशय डी-स्टारच्या वरच्या जड अवस्थांवर. बी-मेसॉन त्यांत गेला, तिथून एक मंद पायॉन निसटला आणि नजरेआड झाला, की साधा म्यूऑनवाला क्षय टाऊसारखा दिसू लागतो. दुसरा संशय दोन चार्म मेसॉन एकदम निघणाऱ्या क्षयांवर. तिसरा, पायॉन किंवा केऑनला (स्ट्रेंज क्वार्क असलेल्या मेसॉनला) चुकून म्यूऑन समजण्यावर. प्रयोगकर्ते या प्रत्येकासाठी डेटाचाच वेगळा तुकडा बाजूला काढून त्यावर आपला अंदाज पारखून घेतात. ही तयारी निबंधांच्या पानोपानी असते, बातमीत तिचा उल्लेखही नसतो.

आर-के नावाची विसंगती गाजली होती. तिचं काय झालं?

ती गेली. कशी गेली हे प्रत्येकाने समजून घ्यावं.

आर-के हे वेगळं गुणोत्तर. बॉटम क्वार्क स्ट्रेंजमध्ये जातो आणि म्यूऑनची किंवा इलेक्ट्रॉनची जोडी निघते; म्यूऑनवाले क्षय भागिले इलेक्ट्रॉनवाले, हे ते गुणोत्तर. हा क्षय अत्यंत दुर्मीळ, वीस लाखांत एखादा. म्यूऑन आणि इलेक्ट्रॉन दोघंही इथे बी-मेसॉनच्या तुलनेत हलके, म्हणून गुणोत्तर जवळजवळ बरोबर १ यायला हवं. भाकीत इतकं स्वच्छ की फॉर्म फॅक्टरची कटकटच नाही. एलएचसीबीने २०१४ मध्ये ०.७४५ मोजलं आणि मार्च २०२१ मध्ये जास्त डेटा घेऊन ०.८४६. तफावत ३.१ सिग्मा. जगभर मथळे झाले.

पाणी मुरत होतं ते इलेक्ट्रॉनच्या बाजूला. इलेक्ट्रॉन हलका असल्याने संवेदकांच्या पदार्थातून जाताना फोटॉन सोडतो आणि ऊर्जा गमावतो. ते फोटॉन शोधून पुन्हा जोडावे लागतात. त्यामुळे म्यूऑनच्या जोडीने बी-मेसॉनचं जे नेटकं शिखर दिसतं, ते इलेक्ट्रॉनच्या जोडीने रुंद आणि ओघळलेलं दिसतं. अशा रुंद शिखराखाली नको असलेले क्षय सहज दडतात. पायॉन आणि केऑन इलेक्ट्रॉन म्हणून मोजले जात होते, आणि त्यांचं प्रमाण आधी धरलं त्याहून जास्त होतं. त्यामुळे इलेक्ट्रॉनवाले क्षय फुगले आणि गुणोत्तर १ च्या खाली गेलं. गटाने ओळखीच्या अटी कडक केल्या, उरलेली भेसळ थेट डेटावरून मोजली, आणि डिसेंबर २०२२ मध्ये नवा निकाल दिला. आर-के आणि त्याचं भावंड आर-के-स्टार, दोन-दोन ऊर्जापट्ट्यांतली चारही मापनं १ शी व्यवस्थित जुळली.

ज्या गटाचा निकाल जगभर गाजला, त्याच गटाने तो उलटा तपासून मागे घेतला. मला हे विज्ञानातल्या प्रामाणिकपणाचं फार मोठं उदाहरण वाटतं.

मग आर-डीसुद्धा असंच विरून जाईल?

दुधाने तोंड पोळलं की ताकही फुंकून प्यावं, हे खरं. पण दोन्ही प्रकरणं एका मापाने मोजू नयेत. आर-के मध्ये तफावतीचा जवळजवळ सगळा भार एकाच प्रयोगावर होता. आर-डी आणि आर-डी-स्टार मात्र तीन देशांत, दोन पूर्ण वेगळ्या प्रकारच्या यंत्रांवर, टाऊच्या वेगवेगळ्या क्षयांतून मोजले गेले आहेत. एखाद्या संवेदकाची चूक सगळीकडे शिरणं कठीण आहे.

सगळीकडे शिरू शकते ती सामायिक समजूत: जड चार्म अवस्थांबद्दलची, किंवा फॉर्म फॅक्टरबद्दलची. म्हणून मला भीती तिथली वाटते. आणि सर्व मापनं एका सुरात बोलतात असंही नाही. बेलचा २०१९ चा निकाल, आर-डी ०.३०७ आणि आर-डी-स्टार ०.२८३, भाकिताशी एक सिग्माच्या आत जुळतो. एलएचसीबीचं २०२३ मधलं तीन पायॉनवालं मापन ०.२५७, म्हणजे भाकितावरच. उलट २०२२ मध्ये त्यांनीच म्यूऑन वापरून आर-डी ०.४४१ मोजलं होतं.

सध्या एकूण चित्र काय आहे?

सर्व मापनांची जागतिक सरासरी एचएफएलएव्ही हा गट काढतो. आर-डी ०.३४ च्या आसपास आणि आर-डी-स्टार ०.२९ च्या थोडं खाली. दोन्ही भाकितापेक्षा दहा ते पंधरा टक्के जास्त. एकत्रित तफावत तीन ते चार सिग्मांच्या दरम्यान.

तीन सिग्मा म्हणजे ९९.७ टक्के खात्री ना?

नाही. सिद्धांत बरोबर असताना निव्वळ योगायोगाने इतकी किंवा याहून मोठी तफावत दिसण्याची शक्यता ३७० मध्ये एक, एवढाच त्याचा अर्थ. नवा सिद्धांत खरा असण्याची शक्यता ९९.७ टक्के, असा अर्थ निघत नाही. कणभौतिकीत दरवर्षी शेकडो गोष्टी मोजल्या जातात, त्यात एखादी ३७० मधली एक असणारच. शोध म्हणायला पाच सिग्मा लागतात आणि त्याचं कारण हेच. आणि न ओळखलेली भेसळ सिग्मात धरलेलीच नसते. आर-के चे ३.१ सिग्मा आठवा.

इतर जड कणांत काय दिसतं?

चित्र मिश्र आहे. चार्म आणि बॉटम दोन्ही असलेल्या बी-सी मेसॉनमध्ये एलएचसीबीने टाऊ आणि म्यूऑनवाल्या क्षयांचं असंच गुणोत्तर ०.७१ मोजलं, भाकीत सुमारे ०.२६. पण त्रुटी इतकी मोठी की निष्कर्ष काढू नये. लॅम्ब्डा-बी या बॅरिऑनमध्ये (तीन क्वार्कच्या कणात) २०२२ मध्ये ०.२४२ मिळालं, तेही भाकीत ०.३२४ असताना. म्हणजे इथे टाऊ कमी! तिथेही त्रुटी मोठी आहे. तरी ज्याला नवं बल हवंय त्याने हा आकडा सोयीने विसरू नये.

डब्ल्यू आणि झेड बोसॉनचे थेट क्षय काय सांगतात?

झेड बोसॉन तिन्ही लेप्टॉनना समान वागवतो. सर्नच्या लेप यंत्रावर हे हजारांत तीनच्या अचूकतेने तपासलं गेलं. डब्ल्यूच्या बाबतीत लेपवर टाऊ थोडे जास्त दिसत होते. २०२१ मध्ये सर्नच्याच ॲटलस प्रयोगाने टाऊ आणि म्यूऑनचं गुणोत्तर ०.९९२ मोजलं, त्रुटी ०.०१३, आणि ती जुनी शंका मिटली. म्हणून बी-मेसॉनमध्ये खरंच काही असेल तर ते डब्ल्यूच्या स्वभावातलं नसून त्याच्या जोडीने काम करणाऱ्या एखाद्या वेगळ्या जड कणाचं असणार.

तो जड कण कोणता असू शकतो?

सर्वाधिक चर्चा लेप्टोक्वार्कची होते. क्वार्कचं थेट लेप्टॉनमध्ये रूपांतर घडवणारा हा काल्पनिक कण, वस्तुमान काही हजार जीईव्ही. सर्नचे ॲटलस आणि सीएमएस हे प्रयोग त्याचा शोध घेत आहेत, अजून सापडलेला नाही. नुसता भारित हिग्ज आणला तर बी-सी मेसॉनचं आयुष्य मोजलं त्याहून कमी यायला लागतं. त्या पळवाटेला तिथेच खीळ बसते.

यात महाराष्ट्राचा काही वाटा आहे का?

आहे. मुंबईत कुलाब्याला असलेली टाटा मूलभूत संशोधन संस्था बेल आणि बेल-टू दोन्ही प्रयोगांत सहभागी आहे. बेल-टूच्या झोतनळीभोवती सिलिकॉन पट्ट्यांच्या संवेदकांचे चार थर आहेत, त्यांपैकी चौथा क्रमांक दिलेल्या थराची जुळणी या संस्थेच्या चमूने जपानमध्ये जाऊन केली. क्षयबिंदू टिपण्याचं काम ज्यावर अवलंबून आहे, तो हाच भाग.

पुढची काही वर्षं कशावर लक्ष ठेवायचं?

पहिलं, टाऊच्या स्पिनची आणि डी-स्टारच्या ध्रुवीकरणाची दिशा. नुसत्या संख्येपेक्षा ती जास्त बोलकी, कारण कोणत्या जातीचं बल आहे हे तिथे उमटतं. दुसरं, तीन लॅटिस गटांचं एकमत. तिसरं, डेटा. एलएचसीबीने नव्या संवेदकांसह २०२४ या एका वर्षात आधीच्या दोन्ही पर्वांत मिळून घेतला होता तेवढा डेटा गोळा केला. बेल-टूचं उद्दिष्ट बेलच्या सुमारे पन्नासपट आहे, पण जपानचं यंत्र अजून त्या मानाने बरंच मागे आहे, म्हणून घाईने निकालाची अपेक्षा धरू नये.

बीएस्सीला आहे. या विषयात यायचं तर काय करू?

क्वांटम यांत्रिकी आणि संख्याशास्त्र पक्कं करा, विशेषतः संख्याशास्त्र. पायथॉन शिका, नंतर सर्नची रूट ही प्रणाली. सर्नच्या ओपन डेटा संकेतस्थळावर एलएचसीबीचा खरा डेटा मोफत मिळतो. डी-शून्य आणि पायॉन जोडून वस्तुमानांचा फरक काढा आणि १४५ एमईव्हीवरचा तो सुळका स्वतः काढून पाहा. टाटा संस्थेचा उन्हाळी कार्यक्रम, तिथली पीएचडीची प्रवेश परीक्षा आणि सर्नचा उन्हाळी विद्यार्थी कार्यक्रम या तीन वाटा मराठी विद्यार्थ्यांना खुल्या आहेत. अर्जाच्या तारखा दरवर्षी बदलतात, त्या त्या संस्थेच्याच संकेतस्थळावर पाहा.